बोट, समुद्र आणि मधली सात वर्षं

मुलांसाठी लिहिलेल्या भारतीय शोधकथांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा सांगितली गेलेली कथा कोणती, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: रामन आणि निळा समुद्र. मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांत, दिवाळी अंकांच्या बालविभागांत, शाळेच्या भित्तिपत्रकांवर मी ती इतक्यांदा वाचली आहे की आता ती एका लेखकाची राहिलेली नाही. लोककथा जशी गावागणिक थोडी बदलते पण साचा सोडत नाही, तसं तिचं झालं आहे. १९२१ साल. कलकत्त्याचे एक तरुण प्राध्यापक बोटीने विलायतेच्या प्रवासाला निघालेले. भूमध्य समुद्राचं पाणी निळंशार. बाकीचे प्रवासी गप्पांत दंग, यांना मात्र प्रश्न पडतो: पाण्याला रंग नाही, मग समुद्र निळा का? घरी परतल्यावर ते प्रयोग करतात, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोध लागतो, १९३० साली नोबेल मिळतं. तात्पर्य: मुलांनो, प्रश्न विचारा.

तात्पर्याशी माझं भांडण नाही, गोष्टीशी आहे. जिचं तात्पर्य 'प्रश्न विचारा' असं आहे, तिच्यातच वाचणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा ठेवलेली नसते. चौकस मूल विचारणारच, की १९२१ ते १९२८ या सात वर्षांत काय चाललं होतं? शोध लागला म्हणजे नेमकं काय दिसलं? कुणाकुणाला दिसलं? दिसलं ते खरंच नवं आहे हे कशावरून कळलं? या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नसतात. ती अवघड असतात म्हणून गाळली असतील, असं आपण धरून चालतो. रामन यांचे मूळ मजकूर वाचले की हा समज टिकत नाही. गाळलेला भागच मुलांना सगळ्यांत जास्त आवडण्याजोगा आहे, असं मला वाटतं. त्यासाठी तीन मजकूर पुरेसे आहेत.

पहिला मजकूर म्हणजे 'नेचर' या नियतकालिकाला लिहिलेलं छोटं पत्र. त्यावर पत्ता आहे 'एस. एस. नारकुंडा' या बोटीचा, मुक्काम मुंबई बंदर, तारीख २६ सप्टेंबर १९२१. परतीच्या प्रवासात बोट मुंबईला लागली, तेव्हाचं हे पत्र. ते वाचल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की 'समुद्र निळा का' हा प्रश्न रामन यांना पहिल्यांदा पडलेलाच नव्हता. त्याचं उत्तर आधीच दिलं गेलं होतं, आणि तेही आकाशाच्या निळाईचा उलगडा करणाऱ्या लॉर्ड रॅले यांनी. रॅले यांचं म्हणणं असं, की खोल समुद्राची निळाई पाण्याची नसते, ते आकाशाचं प्रतिबिंब असतं. रामन यांचा प्रश्न वेगळा होता: हे उत्तर बरोबर आहे का, आणि ते इथे, डेकवर उभं राहून तपासता येईल का?

तपासायला त्यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. पाण्यावरून एका ठरावीक तिरक्या कोनात परावर्तित होऊन आलेला प्रकाश या लोलकाने अडवता येतो. लोलक डोळ्यासमोर धरून योग्य तेवढा फिरवला की पाण्यावरची चकाकी नाहीशी होते. रॅले बरोबर असतील, तर चकाकीबरोबर निळाईही जायला हवी. ती गेली नाही, उलट अधिक गडद दिसली. म्हणजे निळा रंग पाण्याच्या आतून येत होता.

मुलांच्या पुस्तकांत रॅले बहुधा नसतात आणि लोलकही नसतो. ते काढून टाकल्यावर उरतो तो एक भाबडा विस्मय, जो कुठल्याही प्रवाशाला वाटू शकतो. थोर माणसाने दिलेलं उत्तर खिशातल्या साधनाने पडताळून पाहण्याची हिंमत त्या विस्मयात नाही. आपण मुलांना कुतूहल शिकवतो असं म्हणतो, पण शंका घ्यायची गोष्ट हळूच बाजूला ठेवतो.

दुसरा मजकूरही 'नेचर'लाच लिहिलेलं पत्र आहे. त्यावर दोन नावं आहेत: रामन आणि के. एस. कृष्णन. पत्र छापून आलं ३१ मार्च १९२८ च्या अंकात. त्यात सांगितलेला प्रयोग असा: दुर्बिणीच्या १८ सेंटिमीटर रुंदीच्या भिंगाने सूर्यप्रकाश गोळा करायचा, दुसऱ्या लहान भिंगाने तो एका बिंदूत आणायचा आणि तिथे पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेला द्रव ठेवायचा. बाजूने पाहिलं की द्रवातून जाणाऱ्या प्रकाशाची वाट दिसते, अंधाऱ्या खोलीत कवडशाची दिसते तशी. आता दोन रंगीत काचा घ्यायच्या, एक निळी-जांभळी आणि एक पिवळी-हिरवी. पहिलीतून जे रंग जातात ते दुसरी अडवते, म्हणून दोन्ही काचा सूर्यप्रकाशाच्या वाटेत ठेवल्या की द्रवात काळोख. इथपर्यंत काही नवल नाही.

नवल पुढे आहे. निळी काच होती तिथेच ठेवायची आणि पिवळी काच उचलून द्रव आणि डोळा यांच्या मधे धरायची. द्रवात शिरलेला निळा प्रकाश निळाच राहून बाहेर येत असेल, तर पिवळी काच त्याला अडवेल आणि काळोख तसाच राहील. पण वाट पुन्हा दिसू लागते! निळ्या काचेतून आत गेलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग पिवळ्या काचेतून बाहेर येतो आहे, म्हणजे त्याचा रंग द्रवाच्या आत बदलला आहे. त्यांनी साधारण ६० द्रव तपासले आणि प्रत्येकात कमीजास्त प्रमाणात हेच दिसलं.

शोधाचं काळीज म्हणजे एक काच इथून उचलून तिथे धरणं. सहावीतल्या मुलीला हे कळायला एकही समीकरण लागत नाही. परिणाम फार क्षीण आहे, घरी करून दिसणार नाही, पण युक्ती घरी नक्की कळते: जिलेटिनचे दोन रंगीत कागद आणि एक विजेरी पुरे. आणि तरी मी वाचलेल्या बालपुस्तकांत या काचा मला भेटल्या नाहीत. बोटीचं चित्र मात्र प्रत्येक पुस्तकात आहे.

तिसरा मजकूर रामन यांनी डिसेंबर १९३० मध्ये स्टॉकहोमला दिलेलं नोबेल व्याख्यान. समुद्राची गोष्ट लोकप्रिय झाली तिचं मूळ इथे आहे, कारण व्याख्यानाच्या सुरुवातीला रामन स्वतःच भूमध्य समुद्राची आठवण काढतात. पण त्यांच्या सांगण्यात ती काही ओळींत संपते आणि लगेच माणसं येऊ लागतात. १९२३ साली रामनाथन यांना द्रवातून मूळ रंगाखेरीज आणखी एक मंद प्रकाश येताना दिसला. त्यांनी तो 'क्षीण प्रतिदीप्ती' मानला. द्रवात काही मळ राहिला असेल, त्याचा तो उजेड असेल, म्हणून द्रव पुन्हापुन्हा शुद्ध केला. उजेड गेला नाही. १९२५ साली कृष्णन यांनाही तो अनेक द्रवांत दिसला. १९२८ च्या आरंभी वेंकटेश्वरन यांना अतिशुद्ध ग्लिसरिनमधून निळ्याऐवजी हिरवा प्रकाश येताना दिसला, आणि तो प्रकाश ध्रुवीकृत होता. साधी प्रतिदीप्ती असती तर तसं झालं नसतं. म्हणजे हे काहीतरी दुसरंच.

थोडक्यात, कलकत्त्याच्या त्या प्रयोगशाळेतली माणसं पाच वर्षं हा परिणाम डोळ्यांनी पाहत होती आणि त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारत होती. मला ही साऱ्या कथेतली सगळ्यांत रोमांचक गोष्ट वाटते. चोर पहिल्या प्रकरणापासून घरातच वावरतो आहे आणि शेवटच्या प्रकरणात ओळखला जातो, अशी रहस्यकथा मुलांना आवडते हे आपल्याला पक्कं माहीत आहे. तरी आपण रहस्यकथा फेकून देतो आणि सत्कार समारंभाचं वृत्त छापतो.

तारखेचंही तसंच आहे. १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो आणि बहुतेक पुस्तकं त्याच दिवशी 'शोध लागला' असं सांगतात. पण रामन-कृष्णन यांच्या त्या पत्राखाली तारीख आहे १६ फेब्रुवारी. बारा दिवस आधीच त्यांनी आपला शोध लिहून काढला होता! कृष्णन यांच्या दैनंदिनीत तर ७ फेब्रुवारीच्या रात्री रामन उत्साहाच्या भरात त्यांच्या घरी आल्याची नोंद आहे. मग २८ ला काय झालं? त्या दिवशी त्यांनी हाच प्रकाश छोट्या वर्णपटदर्शकातून पाहिला आणि मूळ रंगापासून काळ्या पट्टीने अलग झालेला नवा रंग स्पष्ट दिसला. काचांनी सांगितलं होतं की रंग बदलतो. वर्णपटाने तो बदल वेगळा काढून दाखवला. यंत्रांची मांडामांड करणारे आशुतोष डे, म्हणजे आशुबाबू, यांचाही या दिवसांत हात होता. दिनदर्शिकेला एकच तारीख लागते, हे मान्य. गोष्टीला ती लागत नाही. शोध एका दिवसाचा असतो की महिनाभराचा, की पाच वर्षांचा, हा वाद दहा वर्षांच्या मुलाला घालू द्यावा. त्याच महिन्यात मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम दिसला होता. रशियनमध्ये आजही या परिणामाचं रूढ नाव रामन यांच्यावरून आलेलं नाही. हे कळलं म्हणून रामन लहान होत नाहीत. प्रश्न पिकला की तो एकाहून अधिक ठिकाणी फुटतो, एवढंच त्यावरून कळतं.

आणि समुद्र? लोकप्रिय गोष्ट वाचून मुलाची समजूत होते की रामन यांना नोबेल मिळालं ते समुद्र निळा का हे सांगितल्याबद्दल, किंवा समुद्र रामन परिणामामुळे निळा दिसतो. दोन्ही चूक. रामन परिणामात प्रकाशाचा रंग बदलतो. समुद्राच्या निळाईला त्याची गरज नाही. शिवाय १९२१ साली रामन यांचा भर पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर होता. आज आपल्याला माहीत आहे की पाणी मुळात लाल रंग शोषून घेतं आणि निर्मळ, खोल समुद्राच्या निळाईत या शोषणाचा वाटा मोठा असतो. म्हणजे बोटीवरच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर पुरं नव्हतं, पण त्याच्या मागे जाता जाता कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं. अपुरं उत्तरही कामाला येतं, हे मुलांना सांगण्यासारखं दुसरं काय असू शकतं? परीक्षेत एका शब्दासाठी गुण कापले जाणाऱ्या मुलाला तर ते हमखास सांगायला हवं.

मग गोष्ट अशी का सांगितली जाते? एक कारण आपल्या कथनपरंपरेत आहे. संतचरित्रांपासून आपल्या कानाला एक चाल बसली आहे: बालपणी दिसलेली लक्षणं, मग खडतर तप, मग साक्षात्कार, मग लोकमान्यता. शोधकाचं चरित्र त्याच चालीवर म्हटलं जातं. तपाचा उल्लेख होतो, तपशील सांगितला जात नाही, कारण भक्ताला तो लागत नाही. दुसरं कारण मला भाषेत दिसतं. मराठीत 'शोध' हा शब्द तीन क्रियापदांबरोबर फिरतो: शोध घेणं, शोध लावणं आणि शोध लागणं. हिंदी वाचकाला 'शोध' म्हटलं की संशोधन आठवेल. मराठीत तो शब्द धुंडाळणं आणि सापडणं या दोन्हींना पुरतो. पण 'लागणं' हे मोठं मजेशीर क्रियापद आहे. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, लॉटरी लागते. त्यात कर्त्याने काही केलेलं नसतं, त्याला ते होतं. आपली बालपुस्तकं 'शोध लागला' या वाक्यावर इतकी रेलून उभी असतात की 'शोध घेणं' तिच्यातून हरवतं. ती मधली सात वर्षं सगळी 'घेण्या'ची होती.

बहुभाषिक देशात या गोष्टी एका भाषेतून दुसरीत सतत जातात, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. मराठी पाठ्यपुस्तकात 'विकिरण' म्हणजे प्रकाशाचं विखुरणं. हिंदीत त्याला 'प्रकीर्णन' म्हणतात आणि 'विकिरण' म्हणजे मराठीतलं प्रारण. मराठी 'अणू' हा हिंदीतला 'परमाणु', आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे मराठी 'रेणू'. रामन परिणाम हा तर रेणूंशी निगडित विकिरणाचा शोध. हिंदी मजकूर तत्समांच्या भरवशावर मराठीत आणला, तर वाक्य शुद्ध राहील आणि विज्ञान उलटंपालटं होईल. नायकाची स्तुती कुठल्याही भाषेत बिनधोक पोचते. प्रयोग पोचवायचा तर अनुवादकाला प्रयोग समजावा लागतो. स्तुती उरते आणि काचा गळतात, यामागे हेही कारण असावं.

वेगळं लिहिता येतं याचे दाखले आपल्याकडे आणि बाहेरही आहेत. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या मुलांना जी व्याख्यानं दिली, त्यांत नायक कुणी शास्त्रज्ञ नाही, मेणबत्ती आहे. ती का जळते, तिच्या ज्योतीत काळं काय असतं, विझल्यावर वर जाणारा धूर पेट घेतो का, असं एकेक पुढ्यात करून पाहायचं. बंगालीत सुकुमार राय यांनी 'संदेश' मासिकात मुलांसाठी विज्ञानावर लिहिलं ते याच खेळकर जवळिकीने. मराठीत 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ सालीच सुरू झालं, रामन परिणामाच्या वर्षी. जयंत नारळीकर विश्वाच्या जन्माबद्दल मराठीत लिहीत तेव्हा रूढ महास्फोट सिद्धान्तावरचे आपले आक्षेपही वाचकापुढे ठेवत. वाद चालू आहे हे वाचकापासून लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही. मराठी वाचक त्यामुळे गोंधळला नाही, उलट तो त्यांच्याशी बांधला गेला.

यावर प्रकाशकांचं आणि शिक्षकांचं उत्तर मला ठाऊक आहे: पानं चोवीस, अर्धी जागा चित्रांना, मुलांना गोष्ट हवी असते, प्रेरणा हवी असते. गोष्ट हवी यात वाद नाही. पण क्रिकेटच्या सामन्याची गोष्ट सांगताना आपण नाणेफेक आणि बक्षीस समारंभ एवढंच सांगून थांबत नाही. मुलं तसं चालवूनही घेणार नाहीत. काचांचा प्रयोग एका पानात मावतो. बोटीला अर्धं पान कमी दिलं की जागा होते. आणि प्रेरणेबद्दल म्हणाल, तर 'ते थोर होते' हे वाचून मूल टाळ्या वाजवतं. 'त्यांना पाच वर्षं कळलं नव्हतं' हे वाचून त्याला आपल्या न कळण्याची लाज कमी वाटते. यांतलं कुठलं मूल पुढे जाऊन काही शोधेल, यावर मी पैज लावणार नाही. पण दुसऱ्या मुलाच्या हातात पुस्तकाने निदान काहीतरी ठेवलेलं असतं.

आणखी एक पान मला त्या पुस्तकात हवं आहे, आणि ते लिहिणं सगळ्यांत अवघड आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल गुणांनी मिळवलेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करतात. संचालक असतात रामन. स्त्री आहे म्हणून ते प्रवेश नाकारतात. कमला मागे हटत नाहीत. त्यांना वर्षभराच्या अटीवर आत घेतलं जातं, त्या काम करून दाखवतात, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट मिळवतात. या कमलाबाई सोहोनी, दुर्गा भागवत यांच्या भगिनी. मराठीत त्यांची गोष्टही मुलांना सांगितली जाते. पण माझ्या पाहण्यात ती नेहमी वेगळ्या पुस्तकात असते. एका पुस्तकात रामन प्रश्न विचारणारा नायक, दुसऱ्यात कुणीतरी बंद केलेलं दार. दोन पुस्तकं कपाटात शेजारी उभी असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलांना ही विसंगती झेपणार नाही, असं आपण का धरतो? घरात, शाळेत, मैदानावर ती रोज अशी मोठी माणसं पाहतात, जी एका बाबतीत चोख असतात आणि दुसऱ्या बाबतीत अन्यायी. रॅले यांचं उत्तर लोलकाने तपासणाऱ्या माणसाने मुलींबद्दलचा आपला समज तपासायला वर्ष लावलं, तेही एका मुलीने दारात उभं राहून भाग पाडलं तेव्हा. पडताळणी कशाची होते आणि कशाची राहून जाते, हा विज्ञानाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. मुलींच्या बाकावर बसून रामन यांची गोष्ट वाचणारीला तो सगळ्यांच्या आधी पडेल, आणि तिला त्याचं उत्तर दुसऱ्या पुस्तकात शोधायला पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा नवी पुस्तकं येतील, जुन्यांच्या आवृत्त्या निघतील, शाळाशाळांत नाटुकली बसतील. त्यांत बोट असू द्या, निळा समुद्रही असू द्या. फक्त रामन झालेल्या मुलाच्या हातात एक लोलक द्या, म्हणजे तो का हातात आहे हे त्याला विचारावं लागेल. कृष्णन, रामनाथन, वेंकटेश्वरन आणि आशुबाबू यांना रंगमंचावर आणा; वर्गातल्या आणखी चार मुलांना काम मिळेल. आणि मधे एकदा दिवे मालवून दोन रंगीत कागद प्रेक्षकांत फिरवा.